पिवळ्या बाणांची वाट : सांतियागोची यात्रा कशी मेली आणि कशी उठली

१/ साल १९८४. उत्तर स्पेनमध्ये एक कॅथलिक धर्मगुरू आपल्या जुन्या सिट्रोएन मोटारीत पिवळ्या रंगाचे डबे भरून हिंडत होता. रस्त्यांवर पट्टे आखून उरलेला हा रंग होता. जिथे वाटेला फाटा फुटतो, जिथे पायी चालणारा माणूस चुकण्याचा संभव असतो, तिथे तो उतरे. कधी दगडावर, कधी झाडाच्या खोडावर, कधी गोठ्याच्या भिंतीवर एक बाण काढी आणि पुढल्या फाट्याकडे निघे. बाणाचे टोक नेहमी सांतियागोच्या दिशेला असे.

२/ त्याच्याविषयी एक गोष्ट आजही सांगितली जाते. पिरेनीज पर्वतात पोलिसांनी त्याला हटकले. बास्क फुटीरतावाद्यांच्या घातपातांचा तो काळ. आडरानात खुणा करत फिरणारा माणूस संशयास्पदच. काय चालले आहे, असे विचारताच त्याने शांतपणे सांगितले, की एका मोठ्या आक्रमणाची तयारी चालली आहे. गोष्ट खरी असो वा रचलेली, आक्रमण मात्र खरोखर झाले.

३/ या धर्मगुरूचे नाव एलियास वालिन्या सांपेद्रो आणि ही वाट म्हणजे ‘कामिनो दे सांतियागो’. कामिनो या स्पॅनिश शब्दाचा अर्थच वाट. फ्रान्सच्या सीमेवरून पिरेनीज ओलांडून स्पेनच्या वायव्य टोकाजवळील सांतियागो दे कोम्पोस्तेला या शहरापर्यंतची तिची प्रमुख शाखा सुमारे ७८० किलोमीटरची. पायी गेल्यास महिनाभर किंवा थोडे अधिक, सायकलने साधारण दोन आठवडे.

४/ ‘हजार वर्षे अखंड चालत आलेली यात्रा’ असे तिचे वर्णन सर्वत्र आढळते. त्यातली हजार वर्षे खरी आहेत. ‘अखंड’ हा शब्द मात्र खरा नाही. ही यात्रा जवळजवळ संपली होती. ती कशाने संपली आणि कशाने पुन्हा उभी राहिली, याची लोकप्रिय उत्तरे बहुधा संतांच्या अस्थींपाशी येऊन थांबतात. पण हाडे आणि पावले यांचा हिशेब या इतिहासात फारसा जुळत नाही. हा धागा त्या न जुळणाऱ्या हिशेबाचा.

५/ मूळ श्रद्धा अशी. जब्दीचा मुलगा याकोब हा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. इ.स. ४४ च्या सुमारास हेरोद अग्रिप्पाने जेरुसलेममध्ये त्याचा शिरच्छेद केला. तो बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नोंदलेला आहे. त्याचा देह शिष्यांनी नावेत घालून गालिसियाच्या किनाऱ्यास आणला, ही पुढची कथा मात्र बायबलमध्ये नाही. ‘सांतियागो’ म्हणजे संत याकोबच. शब्द झिजत झिजत असा झाला.

६/ नवव्या शतकाच्या पूर्वार्धात पेलायो नावाच्या एका एकांतवासी साधकाला रानात रात्री प्रकाश दिसला, असे परंपरा सांगते. इरिया फ्लाविया येथील बिशप तेओदोमिरो याने तिथे एक थडगे शोधले व ते याकोबाचे असल्याचे जाहीर केले. अस्तुरियासचा राजा दुसरा अल्फोन्सो ओविएदोहून दर्शनास आला. पहिला यात्रेकरू म्हणून त्याचेच नाव घेतात.

७/ तेओदोमिरो हा बिशपही दंतकथेतलाच असावा, अशी शंका काही अभ्यासकांना होती. १९५५ साली कॅथेड्रलच्या फरशीखाली उत्खनन चालू असता त्याच्या नावाची समाधीशिळा सापडली. तिच्यावर मृत्यूचे वर्षही होते : इ.स. ८४७. याने थडगे याकोबाचे असल्याचे सिद्ध होत नाही. ते याकोबाचे आहे असे सांगणारा माणूस खरा होता, एवढेच सिद्ध होते. इतिहासात तेही थोडे नाही.

८/ इ.स. ९५१ च्या सुमारास फ्रान्समधील ल प्युईचा बिशप गोदेस्काल्क येथे येऊन गेला. दूर देशातून आलेल्या ज्ञात यात्रेकरूंतला हा अगदी आरंभीचा. पुढे ९९७ साली कोर्दोव्याच्या खिलाफतीचा सेनानी अल्-मन्सूर याने शहर उद्ध्वस्त केले. थडग्याला त्याने हात लावला नाही. देवळाच्या घंटा मात्र बंदिवान ख्रिश्चनांच्या खांद्यांवरून कोर्दोव्याला नेल्या. १२३६ मध्ये तिसऱ्या फेर्नांदोने कोर्दोव्या जिंकले आणि त्याच घंटा मुस्लिम बंदिवानांच्या खांद्यांवरून परत पाठवल्या, असे इतिवृत्ते सांगतात.

९/ बाराव्या शतकात यात्रा ऐन भरात होती. त्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘कोदेक्स कालिक्स्तिनुस’ या हस्तलिखिताचा पाचवा भाग म्हणजे यात्रेकरूंसाठी लिहिलेली मार्गदर्शिकाच. कोणते टप्पे करावेत, कोणत्या नदीचे पाणी प्यावे, कोणत्या गावी भाकरी चांगली मिळते, याची तीत नोंद आहे. लेखक म्हणून एमेरिक पिको या फ्रेंच माणसाचे नाव घेतले जाते. ते नक्की नाही, पण लेखक फ्रेंच होता आणि नावार्रेच्या लोकांवर त्याचा भयंकर राग होता, हे पानोपानी दिसते.

१०/ रागाचे एक कारण तो स्वतःच देतो. एका खाऱ्या नदीकाठी दोन नावार्रवासी सुऱ्यांना धार लावत बसले होते. पाणी पिण्याजोगे आहे का, असे विचारता त्यांनी होकार दिला. घोड्यांना पाणी पाजले. दोन घोडे तत्काळ मेले आणि त्या दोघांनी तिथल्या तिथे त्यांची कातडी सोलली. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या प्रवासी फसवणुकीची इतकी जिवंत नोंद क्वचितच सापडते. यातले घोडे ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम आहे.

११/ पण ही यात्रा तोलून धरणारी माणसे हस्तलिखितांत कमी आणि वाटेवर जास्त होती. दोमिंगो नावाच्या एका माणसाला मठांनी संन्यासी म्हणून घेतले नाही. तो ओखा नदीकाठच्या रानात राहिला, झाडी तोडून त्याने फरसबंदी वाट काढली, नदीवर पूल बांधला, धर्मशाळा उघडली. ११०९ साली तो वारला. त्या जागी वसलेल्या गावाचे नावच सांतो दोमिंगो दे ला काल्सादा, म्हणजे ‘वाटेचा संत दोमिंगो’. तेथील कॅथेड्रलमध्ये एका चमत्काराच्या स्मरणार्थ जिवंत कोंबडा-कोंबडीची जोडी आजही पाळली जाते.

१२/ दोमिंगोचा शिष्य हुआन दे ओर्तेगा याने हेच काम पुढे चालवले. मठ, राजे, सरदार, गावचे श्रीमंत व्यापारी अशा सर्वांनी धर्मशाळा बांधल्या. रोन्सेसवायेस येथे पिरेनीजची खिंड उतरताच एक मोठी धर्मशाळा होती. सांतियागोत इसाबेल व फेर्नांदो या राजदांपत्याने १५०१ पासून भव्य रुग्णालय उभारले. निवारा, अन्न, आजारात शुश्रूषा आणि मेल्यास मूठमाती, एवढे सारे फुकट मिळण्याची ही व्यवस्था होती. तिच्याशिवाय गरीब माणूस आठशे किलोमीटर जाऊच शकला नसता. आणि तेव्हा परतही पायीच यावे लागे, हे आता सहज विसरले जाते.

१३/ सारेच भक्तीने चालत, असेही नाही. फ्लँडर्समधील नगरे काही गुन्हेगारांना शिक्षा म्हणून सांतियागोला पाठवीत. श्रीमंत माणसे आपल्या वतीने चालायला पगारी माणूस धाडत. शिक्षेची ती जुनी कल्पना वेगळ्या रूपात परतलीही : १९८२ पासून बेल्जियममधील ‘ओइकोतेन’ ही संस्था गुन्ह्यांत अडकलेल्या किशोरांना सोबतीसह या वाटेने नेऊ लागली. तुरुंगाला पर्याय म्हणून.

१४/ या संताची दुसरी बाजूही आहे. ८४४ साली क्लाविखोच्या लढाईत पांढऱ्या घोड्यावर बसून याकोब आला व त्याने मूर सैन्य कापून काढले, अशी आख्यायिका. ‘मातामोरोस’, म्हणजे मूरांचा संहारक, हे त्याचे रूप तिथून आले. ही लढाई झालीच नाही, असे इतिहासकार मानतात. लढाईनंतर राजाने केलेल्या नवसाचा दस्तऐवज बाराव्या शतकात बनावट तयार केला गेला; पण त्याच्या आधारे सांतियागोचे कॅथेड्रल शतकानुशतके शेतकऱ्यांकडून धान्य व मद्य वसूल करीत राहिले.

१५/ मातामोरोसची छाया भारतापर्यंतही पोहोचते. १५१० मध्ये गोवा जिंकणारा आफोन्सो द आल्बुकर्क हा याच संताच्या नावाच्या लढवय्या पंथाचा सरदार होता. आणि जुन्या गोव्यात ज्याचे पार्थिव आहे तो फ्रान्सिस झेवियर जन्मला नावार्रेतील हाविएर गढीत. या यात्रेची आरागोनकडून येणारी शाखा त्या गढीपासून काही किलोमीटरवरच्या सांग्वेसा गावातून जाते.

१६/ आता मुख्य प्रश्न. यात्रा कशाने मेली? पाठ्यपुस्तकी उत्तर : धर्मसुधारणेच्या चळवळीने. मार्टिन ल्यूथरने थट्टा केली, की तिथे याकोब पुरला आहे की मेलेला कुत्रा की घोडा, कुणाला ठाऊक! प्रोटेस्टंट देशांतून येणारा ओघ आटला, हे खरे. परंतु कॅथलिक देशांतून लोक येतच राहिले.

१७/ उलट या काळात एक विलक्षण गोष्ट घडली. १५८९ साली इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकचे आरमार जवळच्या आ कोरुन्या बंदरावर चालून आले. आर्चबिशप हुआन दे सानक्लेमेंते याने भीतीने संताच्या अस्थी लपवल्या. ड्रेक सांतियागोपर्यंत आलाच नाही. पण अस्थी नेमक्या कुठे ठेवल्या, हे ज्ञान त्या पिढीबरोबर लोपले. पुढची जवळजवळ तीनशे वर्षे त्या कुठे आहेत, हे निश्चित कुणालाच सांगता येईना.

१८/ आणि तरीही लोक चालत होते! बोलोन्याचा धर्मगुरू दोमेनिको लाफी सतराव्या शतकात एकदा नव्हे, अनेकदा आला व त्याने प्रवासवर्णन लिहिले. अठराव्या शतकात नेपल्सचा निकोला अल्बानी आला, त्यानेही आपल्या प्रवासाची सचित्र वही मागे ठेवली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला तर परवान्याशिवाय यात्रेस जाण्यावर बंदी घालणारे हुकूम काढावे लागले. जिथे कुणी जातच नाही, तिथे जाण्यावर कोणता राजा बंदी घालील?

१९/ खरा घाव बसला तो एकोणिसाव्या शतकात. १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने शहर व कॅथेड्रल लुटले. नवसाच्या त्या बनावट कराला १८१२ च्या कादिस संसदेने रद्द ठरवले. राजा परतल्यावर तो पुन्हा आला आणि १८३४ मध्ये कायमचा गेला. त्यानंतर लगेच, १८३५ ते १८३७ या काळात, मेंदिसाबाल या मंत्र्याने मठांच्या मालमत्ता जप्त करून लिलावात काढल्या. मठ गेले आणि त्यांच्यासोबत धर्मशाळाही. कुठे छप्पर कोसळले, कुठे गुरे बांधली गेली.

२०/ म्हणजे वाट शंकेने नव्हे, निवाऱ्याअभावी मेली. याचा पुरावा त्याच शतकात मिळतो. १८७९ साली कार्दिनाल पाया ई रिको यांच्या आज्ञेने, विद्वान धर्मगुरू लोपेस फेरेइरो यांच्या सहभागाने, मुख्य वेदीच्या मागे खोदकाम झाले आणि अस्थी सापडल्या. इटलीतील पिस्तोया येथे बाराव्या शतकापासून असलेला कवटीचा एक तुकडा सापडलेल्या कवटीशी जुळतो, असे तपासणीअंती सांगण्यात आले. १८८४ मध्ये पोप तेरावा लिओ याने त्या अधिकृतपणे मान्य केल्या.

२१/ मग पायी यात्रेकरूंची रीघ लागली का? नाही. अस्थी हरवलेल्या असताना लोक चालत होते. त्या सापडल्या, पोपची मोहोरही लागली, तेव्हा वाट ओसच राहिली. जे आले ते पुढे आगगाडीने आणि मोटारीने आले. चालणाऱ्याला झोपायला जागाच उरली नव्हती, तर तो चालणार कसा?

२२/ विसाव्या शतकात संत पुन्हा राजकारणात आला. जुलै १९३७ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, फ्रँकोने हुकूम काढून सांतियागोला स्पेनचा पालक संत घोषित केले व राष्ट्राच्या वतीने वार्षिक अर्पण पुन्हा सुरू केले. मूरांच्या संहारकाचा जयजयकार करणाऱ्या या सेनापतीच्या फौजेत हजारो मोरोक्कन मुस्लिम सैनिक लढत होते. या विसंगतीवर भाष्य करण्याची त्या काळात स्पेनमध्ये कुणाची छाती नव्हती.

२३/ याच स्पेनमध्ये १९५९ साली तीस वर्षांचा एलियास वालिन्या ओ सेब्रेइरोचा धर्मगुरू म्हणून रुजू झाला. सुमारे १३०० मीटर उंचीवरचे हे गाव म्हणजे लेओन प्रांतातून गालिसियात शिरणारी खिंड. वारा, धुके, हिमवर्षाव. गवताने शाकारलेली गोल दगडी घरे. आणि एक प्राचीन चर्च. माणसे गाव सोडून चालली होती. त्याने चर्च सावरले, गोल घरे डागडुजी करून वाचवली, वाटसरूंसाठी पथारीची सोय केली. वाटसरू फारसे नव्हते, ही अडचण त्याला अडचण वाटली नसावी.

२४/ हा माणूस भाबडा नव्हता. सालामान्काच्या धर्मपीठीय विद्यापीठात त्याने डॉक्टरेटसाठी जो विषय घेतला तो चमत्कारांचा नव्हता. यात्रेकरूला मध्ययुगात कोणते कायदेशीर संरक्षण होते, धर्मशाळा कशा चालत, वाट नेमकी कुठून जाई, याचा तो अभ्यास होता. १९७१ साली तो ग्रंथरूपाने आला. म्हणून वाट कशावर उभी होती हे त्याला पक्के ठाऊक होते : खूण आणि निवारा. अस्थींची काळजी घ्यायला कॅथेड्रल समर्थ होते.

२५/ त्याने गावोगावी जाऊन म्हाताऱ्यांना विचारत जुनी वाट शोधली. बरीचशी महामार्गाच्या डांबराखाली किंवा नांगराखाली गेली होती. मार्गदर्शिका लिहिली, पत्रक काढले, युरोपभरच्या हौशी मंडळांना जोडले. यातली काही किती लहान होती? १९८३ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाचे सदस्य सहा! १९८७ मध्ये युरोप परिषदेने या वाटेला पहिला ‘युरोपीय सांस्कृतिक मार्ग’ म्हणून मान्यता दिली. ‘अल्केमिस्ट’मुळे मराठी वाचकाला ठाऊक असलेला पाउलो कोएल्यो आदल्याच वर्षी ही वाट चालून गेला होता, त्याचे पहिले गाजलेले पुस्तक याच प्रवासावर आहे.

२६/ डिसेंबर १९८९ मध्ये वालिन्या वारला, साठीच्या उंबरठ्यावर. तोवर वर्षाकाठी सांतियागोला पायी किंवा सायकलने पोहोचणाऱ्यांची संख्या काही हजारांतच होती. मग आले १९९३. संताचा सण, २५ जुलै, रविवारी आला की ते ‘पवित्र वर्ष’ मानतात. गालिसियाच्या सरकारने ते जाहिरात, मैफली आणि शुभंकरासह साजरे केले व वाटेवर सरकारी धर्मशाळांची साखळी उभारली. त्या सरकारचा प्रमुख होता मानुएल फ्रागा, एकेकाळचा फ्रँकोचा पर्यटनमंत्री. त्या वर्षी सुमारे एक लाख लोक पोहोचले. अस्थी त्याच होत्या. खाटा वाढल्या होत्या.

२७/ २०१९ मध्ये ही संख्या साडेतीन लाखांच्या आसपास गेली, २०२४ मध्ये पाच लाखांच्या उंबरठ्यावर. प्रमाणपत्रासाठी किमान १०० किलोमीटर पायी किंवा २०० किलोमीटर सायकलने यावे लागते आणि वाटेतले शिक्के दाखवावे लागतात. म्हणून सांतियागोपासून शंभराहून थोड्या अधिक अंतरावरील सारिया गावी एकदम गर्दी उसळते. महिनाभर चालून आलेला थकलेला माणूस आणि कालच निघालेला, सामान गाडीने पुढे धाडलेला माणूस तिथे एकाच वाटेला लागतात. कुरबुरी होतात.

२८/ सायकलस्वाराचे स्थान आणखी अवघड. गालिसियाच्या सरकारी धर्मशाळांत खाट आधी चालणाऱ्याला, उरली तर सायकलवाल्याला. ‘खरा यात्रेकरू पायीच’, असे ऐकवणारेही भेटतात. त्यांनी नावार्रेच्या नदीकाठी मेलेले ते दोन घोडे आठवावेत. बाराव्या शतकातल्या मार्गदर्शिकेचा लेखक स्वतः घोड्यांनिशी निघाला होता; आणि त्याच्या यात्रेवर कुणी बोट ठेवल्याचे ऐकिवात नाही.

२९/ गर्दीची किंमत सांतियागोचे रहिवासी मोजत आहेत : जुन्या शहरात राहती घरे प्रवाशांना भाड्याने जातात, किराणा दुकानांच्या जागी शिंपल्यांच्या आकाराच्या भेटवस्तू येतात. दुसऱ्या टोकाला लेओनच्या डोंगरातले फोन्सेबादोन. विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळपास निर्मनुष्य झालेल्या, पडक्या भिंतींच्या या गावात आता धर्मशाळा आणि खानावळी आहेत. या दोन गावांना ‘यात्रा वाढावी का’ असे विचारले, तर एक उत्तर मिळणार नाही.

३०/ पुढचे पवित्र वर्ष २०२७. ओ सेब्रेइरोच्या चर्चबाहेर वालिन्याचा अर्धपुतळा आहे. वाट त्याच्या समोरूनच जाते. पिवळे बाण उन्हापावसाने फिके पडतात आणि ठिकठिकाणच्या मंडळांचे स्वयंसेवक ते पुन्हा रंगवतात. सारे एकाच दिशेचे. मध्ययुगातल्यासारखे पायी परत जाऊ पाहणाऱ्या एखाद्या हट्टी माणसाला मात्र प्रत्येक फाट्यावर थांबावे लागते, आणि आपण कुठून आलो असतो हे मागे वळून पाहावे लागते.

(धागा समाप्त)